हसण्याचे दहा गुण

कागदावर एकूण १०० गुण होते. हातांच्या हालचालींना २०, उड्यांना २०, कोलांट्यांना २०, नाचाला २०, आवाजाला १० आणि हसण्याला १०. मी तो कागद जेवताना वाचून दाखवला तेव्हा आईने हातातला घास ताटात ठेवला.

"हसण्याला गुण?" ती म्हणाली. "नीट वाच. न हसण्याला असतील."

आईची शंका अनुभवातून आलेली होती. ३१ वर्षं ती साताऱ्याकडच्या एका शाळेत पी.टी.ची बाई होती. तिच्या तासाला रांगेत जी हसली ती मैदानाला दोन फेऱ्या मारून यायची, आणि फेऱ्या मारताना हसली तर आणखी दोन. तालुक्यातल्या दोन पिढ्यांच्या बायका आजही आईला बाजारात पाहिलं की आधी हसू आवरतात आणि मग नमस्कार करतात.

आमची लेक इथे न्यूजर्सीत आठवीत आहे. सप्टेंबरात ती हायस्कुलात जाईल, आणि तिथल्या चीअरलीडिंगच्या संघाची निवड मे महिन्यात होती. तीन दिवस संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये शिकवणी, चौथ्या दिवशी तीन परीक्षकांपुढे उभं राहायचं, छातीवर नंबर लावून. याला ट्रायआउट म्हणतात. लेकीच्या आजवरच्या क्रीडाजीवनात रविवारच्या मराठी शाळेतली संगीतखुर्ची हाच काय तो मोठा सामना. तिथेही शेवटच्या खुर्चीपाशी 'आधी तू बस' असं म्हणून ती बाद झाली होती.

"पण का?" बायकोने विचारलं.

"मला आवडतं म्हणून," लेक म्हणाली.

आमच्याकडे हे कारण म्हणून धरत नाहीत. पण पोरीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं होतं, त्यामुळे अर्ज दाखल करून घेण्यात आला.

अडचण पैशांची होती. मार्चमध्ये माझ्या कंपनीने पुनर्रचना केली. रचना कंपनीकडे राहिली आणि पुन्हा-पुन्हा अर्ज करणं माझ्याकडे आलं. बायकोची नोकरी होती, पण घराचा विमा, गाडीचा विमा आणि आमचा सगळ्यांचा विमा यांतून काही उरलं तर ते दुधाला जायचं. नोकरी गेल्यावर जुनाच आरोग्य विमा स्वतःच्या खिशातून चालू ठेवायची सोय ज्या कायद्यात आहे त्याला अमेरिकेत 'कोब्रा' म्हणतात. पहिला हप्ता पाहिल्यावर हे नाव किती विचार करून ठेवलंय ते कळतं.

आईचं तिकीट आधीच काढलेलं होतं आणि त्याचे पैसे परत मिळत नव्हते, म्हणून ती पाडव्याच्या आधी आली. नोकरी गेल्याचं मी तिला विमानतळावर सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, "मला वाटलं होतं दिवसभर घरात कोणी नसेल."

मी एका जिमला चौकशीचा फोन केला. ट्रायआउटला येणाऱ्या इतर मुली पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून असल्या जिममध्ये जात होत्या, असं लेकीचं म्हणणं. एकटीला शिकवायचे तासाला ७० डॉलर. बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवर पडून पुन्हा पायांवर उभं राहणं, यायला साधारण किती तास लागतील? पलीकडची बाई प्रसन्नपणे म्हणाली, "ते तिच्यावर आहे!" असं उत्तर मी याआधी फक्त वकिलाकडून ऐकलं होतं. मी फोन ठेवला आणि घरातल्या सर्वांना अंदाजपत्रक जाहीर केलं: बूट, कपडे, केसांचं सामान, सगळं धरून ५० डॉलर.

नातेवाइकांना कळवायची गरज नव्हती, पण आईने कळवलं. पुण्याच्या मावशीने फोनवर आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे ते आयपीएलमध्ये असतं तसं?" २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मंत्र्यांपासून मावश्यांपर्यंत सगळ्यांनी त्या मुलींच्या कपड्यांवर मत दिलं होतं, आणि मावशीने आपलं अजून मागे घेतलेलं नव्हतं. माझ्याकडे वेळ होता आणि इथली सार्वजनिक वाचनालयं फुकट असतात, त्यामुळे मी अभ्यास करून उत्तर दिलं. पहिला चीअरलीडर बाप्या होता. नोव्हेंबर १८९८, मिनेसोटा विद्यापीठ. फुटबॉलचा संघ हरत चाललेला पाहून जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी उठला आणि पुढे येऊन प्रेक्षकांकडून आरोळ्या वदवून घेऊ लागला. पुढची पंचवीस वर्षं हा पुरुषांचाच कारभार होता. त्याच विद्यापीठात १९२३ साली बायका आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात पोरं लढायला गेल्यावर त्यांनी मैदान ताब्यात घेतलं ते घेतलंच. "मावशी, आयझेनहॉवर चीअरलीडर होते," मी सांगितलं. "रेगन होते. धाकटे बुश तर शाळेत सगळ्यांचे म्होरके होते."

मावशी जरा थांबून म्हणाली, "तरीच."

तयारीला पहिल्या दिवशी लेकीने फोनवर एक व्हिडिओ लावला आणि बैठकीच्या खोलीत त्याच्यासमोर उभी राहिली. आई सोफ्यावर मेथी निवडत बसली होती. व्हिडिओतली मुलगी हातांच्या जागा दाखवत होती. दोन्ही हात वर तिरके, हा हाय व्ही. खाली तिरके, हा लो व्ही. आडवे, हा टी. कोपरातून मोडून मुठी छातीशी आणल्या की ब्रोकन टी. पुढे ताठ हात करून बादल्यांच्या कड्या धरल्यासारख्या मुठी पालथ्या ठेवल्या की त्या बकेट्स, आणि मुठी एकमेकींसमोर उभ्या धरल्या की कँडलस्टिक्स. पाच मिनिटं आईने हे पाहिलं आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"ही कवायत आहे," ती म्हणाली.

"आजी, हे चीअर आहे."

"साधन नसलेली कवायत. आम्ही लेझीम घेऊन करायचो, डंबेल्स घेऊन करायचो. अंगठा आत का घातलायस? मूठ मारलीस तर तुझाच मोडेल. बाहेर काढ. मनगट वाकवू नकोस, पाण्याचा नळ आहे का तो? हं. परत."

तिथून पुढे व्हिडिओचा आवाज बंद झाला आणि आईचा सुरू झाला. बकेट्सच्या बादल्या झाल्या, कँडलस्टिक्सच्या समया झाल्या, आणि दोन्ही मुठी खांद्याशी धरायच्या त्या डॅगर्सना आईने खंजीर म्हटलं, जे भाषांतर म्हणूनही चोख आहे. आमच्या घरातून रोज संध्याकाळी पाच वाजता "बादल्या! समया! खंजीर! वर तिरके! खाली!" असं ऐकू येऊ लागलं. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा मला अदबीने विचारलं की ही प्रार्थना कोणत्या देवाची.

वादाचा मुद्दा एकच आला, टाळीचा. चीअरमध्ये टाळी म्हणजे हात हनुवटीखाली आणून एकमेकांत घट्ट पकडायचे. तिचा फारसा आवाज होत नाही. महत्त्व आवाजाला नाही, सगळ्यांची एकाच क्षणी होण्याला. "वाजत नाही ती टाळी कसली?" असं म्हणून आईने दोन दिवस हा नियम अमान्य केला. तिसऱ्या दिवशी तिने तो मान्य केला, पण "तुमच्याकडे सगळंच सायलेंटवर असतं" असा शेरा मारून.

उड्या हे प्रकरण अवघड होतं. टो टच नावाची उडी सगळ्यांना यावी लागते. तिच्या नावावर जाऊ नये. पायांच्या बोटांना हात लावायला गेलं की पाठीला पोक येतो आणि गुण जातात. हात आडवे ताठ ठेवायचे आणि दोन्ही पाय फाकून त्यांच्यापर्यंत वर आणायचे. लेकीचे पाय पहिल्या दिवशी जमिनीपासून एक वीत वर आले आणि तिथेच त्यांचं समाधान झालं. मी वाचनालयातल्या ज्ञानातून तिला धीर दिला. टेक्ससमधला लॉरेन्स हर्किमर हा या विद्येचा मोठा आचार्य. १९४८ साली त्याने चीअरलीडर्सचं पहिलं शिबिर भरवलं तेव्हा ५२ मुली आणि एकच मुलगा आला होता. त्याच्या नावाची हर्की नावाची उडी आहे, एक पाय बाजूला ताठ आणि दुसरा गुडघ्यात दुमडलेला. सांगतात असं की दोन्ही पाय ताठ फाकायला गेला आणि एकच फाकला. दुसरा कुणी असता तर शरमेने घरी बसला असता. यानं न जमलेल्या उडीला स्वतःचं नाव लावून टाकलं.

"म्हणजे मी पण माझ्या उडीला नाव ठेवू?" लेकीने विचारलं.

"नावं आम्ही ठेवू," आई म्हणाली. "तू पाय वर आण."

आईचं माहेर औंधजवळचं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि संस्थानं गेली तरी आईने ती सक्ती आपल्यापुरती कधी उठवली नव्हती. तिने लेकीला सकाळी १२ आणि संध्याकाळी १२ नमस्कार लावले, त्यावर रात्री कोमट खोबरेलाची मालिश. खर्च: तेल घरातलंच. तीन आठवड्यांत पाय कमरेपर्यंत येऊ लागले. लेकीच्या वर्गमैत्रिणीने हे पाहून 'कुठल्या ट्रेनरकडे जातेस' असं विचारलं, तेव्हा लेक म्हणाली, "ती आमच्याकडेच राहते." मैत्रिणीचा समज असा झाला की आम्ही भयंकर श्रीमंत आहोत.

कोलांट्यांसाठी मागच्या हिरवळीवर आईची गोधडी अंथरली. कार्टव्हील, म्हणजे हात टेकून बाजूला चाकासारखं फिरणं, चौथ्या दिवशी जमलं. तिला धरायला मी उभा होतो. तिसऱ्या दिवशी तिची टाच माझ्या चष्म्याला लागली आणि डावी काडी निखळली. ती फेव्हिक्विकने चिकटवली, खर्च मी अंदाजपत्रकाबाहेर 'आकस्मिक' या सदरात दाखवला. हँडस्प्रिंगच्या वाटेला गेलोच नाही. ती घरी गोधडीवर शिकायची गोष्ट नव्हे, मानेचा प्रश्न असतो. गुणांच्या कागदावर कार्टव्हीलला ७ होते, राउंडऑफला १० आणि हँडस्प्रिंगला पूर्ण २०. लेक रडवेली झाली. आईने कागद हातात घेतला आणि दहावीच्या मुलींना सांगायची तेच सांगितलं: "येतंय तेवढं स्वच्छ लिहायचं. जे येत नाही तिथे रेघ मारून पुढे जायचं. खाडाखोड केली की आधीचेही गुण जातात."

खरेदीला जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. पांढरे बूट मिळाले, ८ डॉलर, अर्धा नंबर मोठे. पुढे कापूस भरला. काळी चड्डी ४ डॉलर. वर कोरा पांढरा टी-शर्ट हवा होता, कोणत्याही चिन्हाशिवाय. घरात पांढरा टी-शर्ट एकच, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातला. त्याच्या छातीवर बाप्पा आणि पाठीवर 'स्वयंसेवक' असं लिहिलेलं होतं. बायकोने तो उलटा करून, शिवणी आतून घालून दिला. उजेडात उभं राहिलं की लेकीच्या पाठीवर आरशातल्यासारखं 'स्वयंसेवक' पुसट दिसायचं, पण परीक्षकांना देवनागरी येत असण्याची शक्यता आम्ही गृहीत धरली नाही.

केसांना मोठा बो लागतो. दुकानात तो १५ डॉलरला होता. आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, ताणून पाहिला आणि परत हुकावर अडकवला. घरी येऊन तिने बॅगेतून लाल रिबिनीचं बंडल काढलं. साताऱ्याच्या शाळेत दोन वेण्या वर बांधून जी फुलं काढतात तसलं, पण तिप्पट मोठं फूल तिने बांधलं. ते इतकं ताठ उभं राहिलं की लेक दारातून जाताना मान तिरकी करायला शिकली.

पॉम-पॉम लागत नव्हते. ट्रायआउटला रिकाम्या हाताने यायचं असतं. पण सराव करायला काहीतरी हातात हवं, असं आईचं मत पडलं, आणि तिने ती पिशवी काढली. पिशव्यांची पिशवी. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली आणि न्यूजर्सीतल्या दुकानांतून त्या २०२२ साली हद्दपार झाल्या. या दोन्ही सरकारांना न जुमानता आईच्या बॅगेत मिठाईवाल्यांच्या, साडीच्या दुकानांच्या, औषधवाल्याच्या मिळून साठेक पिशव्या होत्या, त्रिकोणी घड्या घातलेल्या. "लागतात," एवढंच ती म्हणाली. तिने त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, मधोमध सुतळीने आवळल्या आणि झटकल्या. लांबून सोनेरी-लाल झिरमिळ्या, जवळून 'खाऊन पाहा, मग बोला'. हे झुबके पूर्वी क्रेप कागदाचे असत, आणि १९७१ मध्ये याच हर्किमरने पॉम-पॉमचं पेटंट घेतलं, असं मी सांगितलं. "पिशव्या वाया घालवणाऱ्यांना पेटंट लागतं," आई म्हणाली.

एके रात्री आईने मुख्य गोष्ट विचारली. व्हिडिओत मुली एकमेकींच्या हातांवर उभ्या राहत होत्या.

"किती थर लावतात?"

"शाळेत दोन माणसांच्या उंचीच्या वर जायचं नाही, असा नियम आहे."

"दोनच?" आईला वाईट वाटलं. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला, तो तिने टीव्हीवर उभ्याने पाहिला होता. "आणि वर हंडी?"

"हंडी नसते, आई."

"मग वर जाऊन काय करते ती?"

"हसते. हात वर करते. आणि खाली उतरते."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेवढ्यासाठी चढायचं?"

इथपर्यंत सगळं ५० डॉलरमध्ये बसत आलं होतं. ज्या दोन गोष्टींना पैसे लागत नव्हते त्यांनी आम्हाला घाम फोडला, आवाज आणि हसू.

लेकीचा आवाज असा की फोनवर तिच्याशी बोलताना रेंज गेली असं वाटतं. चीअरचा आवाज घशातून किंचाळून काढायचा नसतो, पोटातून, जरा खालच्या सुरात, शब्द तोडून काढायचा असतो: "गो! फाइट! विन!" लेकीने म्हटलं ते 'गो, फाइट, विन, चालेल ना?' असं ऐकू आलं. आईने तिला गाडीत बसवलं, मला चालवायला सांगितलं आणि काचा वर घेतल्या. "आता बाप्पाला आण," ती म्हणाली. मंडळाच्या मिरवणुकीत, म्हणजे शाळेच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं, लेकीने हे लहानपणापासून ऐकलेलं होतं. एकाने पुढे "गणपती बाप्पा" म्हणायचं आणि मागच्यांनी उत्तर द्यायचं. कॅम्पबेलने १८९८ साली शोधलं ते हेच, फक्त आपल्याकडे पुढे ओरडणाऱ्याला वेगळा गणवेश देत नाहीत. पहिल्यांदा लेकीचा बाप्पा मागच्या सीटवरच बसला. तिसऱ्या सिग्नलपर्यंत तो काचेबाहेर गेला. पाचव्या सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

हसू मात्र येईना. आमच्या घराण्यात हसायला कारण लागतं, आणि कारण मिळालं तरी ते पुरेसं आहे का हे आधी पाहिलं जातं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मनापासून हसणारा एकच माणूस आहे, आणि तो केटरर आहे. लेकीच्या सूचनापत्रात लिहिलं होतं की चेहरा सतत हसरा ठेवा, परीक्षकांच्या डोळ्यांत पाहा, आणि चुकलात तरी हसू सोडू नका. याला ते 'फेशियल्स' म्हणतात. बायकोने तो शब्द वाचून आधी पार्लरचा खर्च धरला. आईला शेवटचं कलम पटेना. "चुकल्यावर हसायचं? माझ्या शाळेत त्याला वेगळी शिक्षा होती."

लेक आरशासमोर हसायची. तिचं हसू पासपोर्टच्या फोटोवाला फोटो काढतो म्हणाल्यावर येतं तसं, सुरू होण्याआधीच संपलेलं. शेवटी घरात ठरलं की संध्याकाळी पाच ते सहा सगळ्यांनी हसतमुख राहायचं, कामं करताना, कारण नसताना. मीही त्यात सामील झालो, त्याला माझं वेगळं कारण होतं. त्याच आठवड्यात एका मुलाखतीनंतर निरोप आला होता की ज्ञान उत्तम आहे पण एनर्जी जरा कमी वाटली. वीस वर्षं मी डेटाबेस सांभाळले. एनर्जी जास्त असलेल्या माणसाच्या हातात मी कुणाला डेटाबेस देऊ दिला नसता. पण गुणांचा कागद त्यांच्या हातात होता.

पहिल्या दिवशी सव्वापाचला बायको कामावरून लवकर आली. दार उघडलं तर समोर आई पोळ्या लाटताना दात दाखवत होती, लेक कपड्यांच्या घड्या घालत दात दाखवत होती आणि मी भांडी विसळत दात दाखवत होतो. बायको दारातच थांबली.

"काय फुटलं?" तिने विचारलं.

कोणी काही बोललं नाही, कारण हसू मोडायचं नव्हतं.

"सांगा लवकर. टीव्ही? ... गाडी?"

तेव्हा लेकीला जे हसू आलं ते खरं होतं. पोट धरून ती जमिनीवर बसली. आईने ताबडतोब लाटणं रोखून सांगितलं, "हे! हेच! लक्षात ठेव!" तेव्हापासून हसू गेलं की आम्ही लेकीला हळूच म्हणायचो, "काय फुटलं?" आणि चेहरा उजळायचा. ७० डॉलरच्या तासाला हे मिळालं नसतं.

माझी पुढची मुलाखत व्हिडिओवर होती. आई म्हणाली मी समोर बसते, कॅमेऱ्याच्या मागे. ती बसली, हातात पिशव्यांचे झुबके घेऊन. माझा चेहरा पडला की ती ते हलवायची. पहिल्या वीस मिनिटांत चार वेळा सळसळ झाली. पलीकडच्या बाईंनी थांबून विचारलं, "तिकडे पाऊस पडतोय का?"

"हो," मी मावेल तितकं हसत म्हटलं, "फार सुंदर पाऊस आहे." बाहेर रखरखीत ऊन होतं. मला दुसऱ्या फेरीला बोलावलं.

ट्रायआउटच्या दिवशी पालकांना आत जाऊ देत नाहीत. आई साडीवर पांढरे बूट घालून आली होती. तिच्या पर्समधली शिट्टी मी घरीच काढून घेतली होती. आम्ही पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे राहिलो. आजूबाजूला इतर आया होत्या. त्यांच्या मुलींच्या पाठीवर जिमची नावं छापलेल्या बॅगा होत्या, आमच्या मुलीच्या पाठीवर उलटा स्वयंसेवक. नंबर ४१ तिच्या छातीवर, बाप्पाच्या बरोबर वर, चार पिनांनी लावलेला. आत शिरताना दारापाशी तिने बोसाठी मान तिरकी केली.

भिंतीतून फक्त आकडे ऐकू येत होते, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!" मग धपधप. आईची बोटं गाडीच्या बॉनेटवर मोजत होती, पाच, सहा, सात, आठ. एका गटाच्या वेळी बोटं थांबली. "कोणीतरी मागे राहिलं," ती म्हणाली. "आपली नाही. आपली पुढे गेली असती."

दीड तासाने लेक बाहेर आली, दोन्ही हातांनी गाल चोळत. "दुखतायत," ती म्हणाली. कार्टव्हील सरळ झालं. टो टच झाला, कमरेपर्यंत. आरोळीतली दुसरी ओळ ती साफ विसरली. "मग?" आईने विचारलं. मग ती तशीच हात वर करून उभी राहिली, मनात 'काय फुटलं' म्हणाली आणि परीक्षकांकडे बघून हसली. मधल्या परीक्षक बाई पण हसल्या, का ते त्यांनाही कळलं नसणार. आणि हो, दोघी मुली विचारत होत्या की हा बो कुठून घेतलास. आईने गाडीत बसता-बसता उरलेल्या रिबिनीचा हिशेब सुरू केला.

निकाल रात्री ९ वाजता लागायचा होता, शाळेच्या पानावर, नावं नाहीत, फक्त नंबर. आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाभोवती एका फोनवर वाकलो. वरच्या संघाच्या यादीत ४१ नव्हता. खाली दुसरी यादी होती, ज्युनियर संघाची. ३३, ३६, ३८, ४१.

टेबलावर शांतता पसरली. लेक फोनकडे बघत राहिली. बायको म्हणाली, "बरं झालं." मी चष्म्याची काडी नीट केली. आई म्हणाली, "आमटी गार होतेय." हसलं कोणीच नाही.

यादीच्या खाली फीचा तक्ता होता. मी तो सवयीने मोठ्यानेच वाचला. जॅकेट ११५, बूट ७५, उन्हाळी शिबिर २५०, बो २०, गणवेश १८०. एकूण ६४० डॉलर, दोन हप्त्यांत.

"बो कट," आई म्हणाली. "तो माझ्याकडे आहे. गणवेश म्हणजे काय-काय?"

"वरचा टॉप आणि स्कर्ट."

"तो फोटोतला? एवढासा?" आईने चिमटीने उंची दाखवली. "कापड किती लागत असेल त्याला?"

"आई, तो घरी शिवून चालत नाही. त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो."

"ते कळलं. कापड किती?"

मी अंदाजाने अर्धा मीटर म्हणालो. आई पुटपुटत हिशेब करू लागली. मंडळाच्या पाडव्याला नेसायला म्हणून तिने एक नऊवारी आणलं होतं, नऊ वार, म्हणजे आठ मीटर आणि वर थोडं. पाडवा झाल्यापासून ते बाहेरच्या खोलीतल्या उघड्या कपाटात हँगरवर होतं. तिने लेकीला फोनवर गुणाकार करायला सांगितला. १८० डॉलरला अर्धा मीटर, तर ८.२ मीटर कितीला?

"दोन हजार नऊशे बावन्न," लेक म्हणाली.

आई उठली. हात धुऊन, पदराला पुसून तिने ते लुगडं हँगरवरून काढलं, घडी केली आणि कुलुपाच्या बॅगेत ठेवलं.